वरून झाडलेलं धुराडं

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही. घालायची गरजच पडली नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही.

जे घडलं ते भर दुपारी घडलं. उजेडात. शेजारीपाजारी जागे असताना, चुलीवर जेवण शिजत असताना.

जागा... पार दक्षिण गोलार्धातलं चिलोए बेट, चोन्ची गाव. दिवस... गेल्याच्या गेल्या वर्षीचा चौदा मे. मंगळवार होता. आमच्याकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड. सगळ्या गावाला त्याच आठवड्यात धुराडी साफ करून हवी असतात.

ज्याच्यासोबत घडलं तो होविनो कार्कामो. शाळेत माझ्या बाकावर बसायचा. आता एकसष्ट वर्षांचा आहे. हे सगळं त्यानं मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा मान खाली घालून.

होविनो पस्तीस वर्षं धुराडी साफ करायचा. गावात त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे.

आमच्या गावात चूल कधी विझत नाही. लाकडाची घरं, लोखंडी चुली आणि कायम ओलं सरपण. ओल्या लाकडाचा धूर जड असतो. वर जाता जाता तो थंड होतो आणि धुराड्याच्या तोंडाशी डांबरासारखा चिकटून बसतो. जुन्या घरांत विटांच्या धुराड्यात पत्र्याची नळी सोडलेली असते, धूर भिंतीत मुरू नये म्हणून. समुद्राचा खारा वारा त्या नळीला वरून खात येतो.

म्हणजे सगळं दुखणं वरच्या टोकाला. तिथे छपरावर चढूनच जावं लागतं. दोरीला तारेचा ब्रश बांधून वरून खाली झाडावं लागतं. खालून काठ्या सरकवून भागत नाही.

हे गावात होविनोइतकं कुणालाच कळत नव्हतं.

आणि तरीही...

त्याच्या आदल्या वर्षी चर्चमागच्या एका घराच्या छपरावर त्याचं डोकं गरगरलं. आयुष्यात पहिल्यांदा. छप्पर वर आलं, समुद्र खाली गेला. तो आढ्याला मिठी मारून पडून राहिला. अर्धा तास. कुणाला हाक मारायची त्याला लाज वाटली.

खाली उतरला तेव्हा विजार ओली होती.

पावसानं नव्हे.

कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. त्या दिवसानंतर शिडीच्या चौथ्या पायरीवर पाय ठेवला की त्याचे गुडघे पाण्यासारखे व्हायचे.

मग त्यानं एक युक्ती काढली. शिडी घराच्या मागच्या बाजूला लावायची, जिथे खिडकी नसते. शिडीच्या पायथ्याशी उभं राहायचं. एक सिगारेट ओढायची. तोंडाला काजळी फासायची. मग आत येऊन खालून जमेल तेवढ्या काठ्या सरकवायच्या, मोठ्यानं खडखडाट करायचा, अर्धी बादली काजळी काढून दाखवायची.

"झालं बघा. आता हिवाळा निर्धास्त काढा."

अशी अकरा घरं त्यानं केली. अकरा घरांनी त्याचे आभार मानले.

बारावं घर एर्सिराबाईंचं.

एर्सिरा ओयार्सून. आमच्या शाळेच्या बाई. मला आणि होविनोला त्यांनीच अक्षरं शिकवली. तेव्हा एकोणऐंशीच्या होत्या. उतारावरच्या जुन्या तीनमजली घरात एकट्या राहायच्या. मुलगी नोल्फा दूर पुंता अरेनासला.

बाईंची दरवर्षीची एक सवय होती. होविनो छपरावर गेला की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायच्या, "होविनो, वरून समुद्र कसा दिसतोय रे?" आणि तो वरून सांगायचा. कुणाची होडी आली, कुणाची निघाली, समोरच्या लेमुय बेटावर ऊन आहे की नाही.

त्या मंगळवारीही बाईंनी विचारलं.

होविनो शिडीच्या पायथ्याशी होता. सिगारेट हातात.

त्यानं तोंड वर केलं, म्हणजे आवाज वरून आल्यासारखा वाटेल, आणि ओरडला, "शांत आहे, बाई! लेमुयची फेरीबोट निघालीय!"

खिडकीतून उत्तर आलं नाही.

आत येऊन त्यानं काठ्या सरकवल्या तेव्हा त्याच्या तळहातावर गंजाचे पापुद्रे पडले. मोठे, माशाच्या खवल्यांसारखे. नळी वरच्या अंगाला सडली होती. भोकं पडली होती. त्याला तिथल्या तिथे कळलं. नळी बदलायलाच हवी होती. पण बदलायची तर वर चढावं लागणार.

"कशी आहे नळी?" बाईंनी विचारलं.

"दोन हिवाळे सहज काढेल, बाई."

बाईंनी त्याला भोपळ्याच्या तुंबीतला कडू चहा दिला. बटाट्याच्या गरम जाड भाकऱ्या, मिल्काओ, दिल्या. समोर बसून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हात थरथरतायत तुझे."

"थंडी, बाई."

"वय झालं की सांगावं रे माणसानं. त्यात लाज कसली? मला फळ्यावरचं दिसेनासं झालं. मी सांगितलंच ना सगळ्यांना?"

होविनो हसला. "मला कुठे वय झालं, बाई! माकडासारखा चढतो अजून."

बाई हसल्या नाहीत.

फेरीबोट त्या दिवशी बंद होती. इंजिन नादुरुस्त झालं होतं. रेडिओवर सकाळीच सांगितलं होतं. होविनोला हे संध्याकाळी धक्क्यावर कळलं. तो तिथेच उभा राहिला, सगळे घरी गेले तरी.

आता बाईंकडे परत जाऊन खरं सांगायचं एवढंच बाकी होतं. चार पावलांचं काम. दोनदा तो त्यांच्या दारावरून गेला. दोन्ही वेळा खिडकीत बाई होत्या. त्यांनी हात केला. त्यानेही हात केला... आणि पुढे गेला.

मग वादळ आलं. तीन दिवस. बंदर बंद, शाळा बंद, दारं-खिडक्या घट्ट.

सव्वीस तारखेला शेजारीण अंडी द्यायला गेली तर बाई चुलीशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर शाल. गाल गुलाबी, जणू आत्ता धावत आल्यात.

चूल अजून कोमट होती.

डॉक्टर म्हणाले, वय होतं, हृदय थांबलं. सगळ्यांनी मान डोलावली. होविनोनेही. पण त्या गुलाबी गालांचा अर्थ पस्तीस वर्षं धुराचं काम करणाऱ्याला सांगावा लागत नाही. धूर वर गेलाच नव्हता. तोंडाशी डांबर, नळीला भोकं, वरून वाऱ्याचा दाब... तो उलटा फिरून बाईंपाशी येऊन बसला होता.

होविनोनं शवपेटीला खांदा दिला. नऊ दिवसांच्या प्रार्थनेला रोज गेला. रोज तिथेच जेवला. न जेवावं तर लोक विचारतील. नोल्फा आली होती. ती प्रत्येकाशी दोन शब्द बोलली. होविनोसमोर आली, त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुढच्या माणसाकडे वळली.

त्यानं स्वतःला समजावलं, दुःखात आहे बिचारी.

नववा दिवस झाला. नोल्फा घराला कुलूप लावून गेली.

आणि त्यानंतर चारच दिवसांनी...

ओतिलिया बार्रिया दारात आली. त्या अकरा घरांतली पहिली. हातात झाकलेली थाळी.

"काय हो मिस्त्री! न सांगतासवरता येऊन गेलात? मी बाजारात होते. निदान चहा तरी घ्यायचा."

"कुठे आलो?"

"अहो, आमच्याकडे! काल दुपारी. म्हातारा झोपला होता, त्यानं ऐकलं छपरावर. दोन बादल्या काजळी पडलीय खाली. आणि चूल काय ओढतेय आता! वाघासारखी!"



आदल्या दुपारी तो घरीच होता.

'मी नव्हतो' एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता. मे महिन्यात साफ केलेल्या धुराड्यातून दोन बादल्या काजळी निघाली कशी?

त्यानं थाळी घेतली.

"त्यात काय एवढं," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दुसरं घर. मग तिसरं. तेच सगळं. दुपारची वेळ. छपरावर पावलं. वरून खाली घासत येणारा आवाज, खर्र... खर्र... आणि धुराड्याच्या पायाशी काजळीचा ढीग. वरच्या टोकाची काजळी. काळी, चकचकीत, डांबरी. जिथे होविनोचा ब्रश पोचलाच नव्हता तिथली.

लोक रस्त्यात थांबवून आभार मानायचे. कुणी कोंबडी दिली, कुणी सफरचंदाची दारू. होविनो घरी आणायचा आणि बायको झोपली की मागच्या ओढ्यात टाकायचा.

चौथं घर माझं.

हो, त्या अकरांत माझंही घर होतं.

म्हणून सांगतो, हे ऐकीव नाही. जूनचा शेवट. दुपारचे दीड वाजले होते. मी चुलीपाशी जोडे वाळवत होतो. पत्र्यावर पावलं वाजली. हलकी. थांबत थांबत. दोन पावलं... थांबायचं. दोन पावलं... थांबायचं.

कुत्रा बाकाखाली शिरला.

मग धुराड्यात घासल्याचा आवाज. मला वाटलं होविनोच. मी दारातून ओरडलो, "ए होविनो! उतर की! चहा ठेवलाय!"

घासणं थांबलं.

उत्तर नाही.

मी घराला फेरी मारली. एक पूर्ण फेरी.

शिडी नव्हती.

कुठल्याच बाजूला नव्हती. आणि छपरावर कुणी नव्हतं. आत आलो तर काजळी पडतच होती... हळूहळू, मूठ मूठ, जणू कुणी घाई न करता नीट काम करत होतं.

संध्याकाळी होविनो रस्त्यात भेटला. मी थट्टेनं म्हटलं, "शिडीशिवाय कसा चढलास रे माकडा?"

तो पांढराफटक पडला. वळला आणि निघून गेला. मला राग आला होता, खरं सांगतो. वाटलं, म्हातारपणी ताठा आला याला.

ऑगस्टपर्यंत अकराही घरं झाली.

अकरावं झालं त्या दिवशी होविनोला वाटलं, संपलं. आता ती जाईल. कोण ते त्यानं मनातल्या मनातही म्हटलं नव्हतं. पण ती पावलं त्याला माहीत होती. शाळेत मागच्या बाकापर्यंत यायची तशीच. दोन पावलं, थांबायचं.

तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी, दुपारी, तो आणि त्याची बायको हिल्दा जेवायला बसले होते.

"गावभर मिस्त्री म्हणून मिरवतोस," हिल्दा डोळे पुसत म्हणाली, "आणि आपल्या घरात धुरानं डोळे चुरचुरतायत माझे. दिव्याखाली अंधार! दोन वर्षं झाली, आपल्या छपरावर चढलास कधी?"

"करतो उद्या."

"उद्या, उद्या. तुझा उद्या कधी..."

ती थांबली.

वर पत्रा वाजला.

दोन पावलं...

हिल्दानं छताकडे पाहिलं. मग समोर बसलेल्या नवऱ्याकडे.

"होविनो," ती अगदी हळू म्हणाली, "तू तर इथे आहेस."

खर्र... खर्र... धुराड्यात ब्रश उतरायला लागला.

"मग गावात जे चढतंय... ते कोण?"

होविनो उठला. तो मला म्हणाला, भीती वाटली म्हणून नाही उठलो. हिल्दाकडे बघवेना म्हणून उठलो.

तो बाहेर आला. अंगणात स्वच्छ उजेड होता. समोरच्या घरी कपडे वाळत होते. त्यानं भिंतीला शिडी लावली आणि चढायला लागला. एक. दोन. तीन. चौथ्या पायरीवर गुडघे गेले. पाचवीवर पाय ठेवला तेव्हा घशातून आवाज निघाला, लहान मुलासारखा.

वरचं घासणं थांबलं.

पावलं छपराच्या कडेपर्यंत आली. बरोबर शिडीच्या डोक्यावर.

होविनोनं वर पाहिलं नाही. पाहूच शकला नाही. त्याला फक्त श्वास ऐकू आला. दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचा. छातीत घरघर, मध्येच थांबणारा, पुन्हा ओढून घेतलेला.

त्याच्या टोपीवर थोडी काजळी पडली. हळूच. जणू कुणी वाकून बघताना पडली.

"बाई..." तो म्हणाला.

त्याला म्हणायचं होतं, बाई, उतरा, मी करतो. पण त्याला ते करता येणार नव्हतं, आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं.

तो खाली उतरला. पायथ्याशी उभा राहिला. दोन्ही हातांनी शिडी धरली आणि डोळे मिटले.

बराच वेळ काहीच नाही.

मग शिडीवर वजन आलं.

शिडी धरणाऱ्याला वजन हातात कळतं. कुणीतरी वरच्या पायरीवर पाय ठेवला. शिडी कुरकुरली. मग दुसरी पायरी. थांबायचं. मग तिसरी. फार जपून, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखं. ते वजन त्याच्या कपाळापर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. ओल्या राखेचा वास आला.

एकदम हात हलके झाले.

डोळे उघडले तर अंगण रिकामं. शेजाऱ्यांचे कपडे वाऱ्यावर हलत होते. आणि दारात हिल्दा उभी होती. तिनं काय पाहिलं ते ती आजतागायत सांगत नाही. फक्त म्हणाली, "आत ये. मला सगळं सांग."

त्यानं सांगितलं. पहिल्यांदा. ओल्या विजारीपासून.

हिल्दा म्हणाली, "मला सांगायला हवं होतंस रे गाढवा. मी काय गावभर दवंडी पिटली असती?" आणि रडायला लागली. "आता नोल्फाला सांग. तोंडावर जाऊन सांग. फोनवर नाही."

नोल्फा त्याच महिन्याच्या शेवटी आली, घर विकायचं की ठेवायचं ते ठरवायला. होविनो सकाळी दहा वाजता तिच्या दारात उभा राहिला, टोपी हातात धरून. तिनं आत बोलावलं. चूल थंड होती. त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. दोघं उभेच राहिले.

त्यानं सगळं सांगितलं. शिडी, सिगारेट, गंजाचे पापुद्रे, दोन हिवाळे.

नोल्फानं सगळं ऐकून घेतलं. तो थांबला तेव्हा म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय?"

"आईनं त्याच दुपारी फोन केला होता. म्हणाली, होविनो वर चढला नाही. शिडीपाशीच उभा होता. फेरीबोट निघाली म्हणून ओरडला बिचारा. आवाज खालून येत होता."

होविनोनं भिंतीचा आधार घेतला.

"मी म्हटलं, आई, कास्त्रो शहरातून दुसरा माणूस बोलाव. आजच. तर म्हणाली, दुसरा आला की गावाला कळणार. विद्यार्थी आहे माझा. येईल आपल्या पायानं आणि सांगेल. तोवर चूल बेतानं पेटवते." नोल्फाचा आवाज इथे फुटला. "रोज फोनवर विचारायचे मी, आला का? म्हणायची, आज दारावरून गेला. उद्या येईल."

बाई बारा दिवस त्याची वाट बघत होत्या.

मग वादळ आलं आणि थंडी बेताच्या चुलीनं भागेना.

"माझ्यामुळे..." होविनो म्हणाला.

"हो," नोल्फा म्हणाली. "तुमच्यामुळे. आणि तिच्या हट्टामुळे. आणि मी ऐकलं तिचं, म्हणून माझ्यामुळे. नऊ दिवस तुम्ही समोर जेवत होतात आणि मी बघत होते, आता बोलाल, मग बोलाल."

तो खाली बसला. जमिनीवरच.

"मी माफबिफ करणार नाही, मिस्त्री. मला येत नाही ते. उद्या कास्त्रोचा माणूस येतोय नळी बदलायला. तुम्ही या आणि शिडी धरा."

दुसऱ्या दिवशी होविनोनं शिडी धरली. मीही होतो. अकराही घरी तो आदल्या संध्याकाळी जाऊन खरं सांगून आला होता. माझ्या घरी सगळ्यात शेवटी आला. काहींनी दार लावून घेतलं. ओतिलिया एवढंच म्हणाली, "तुम्ही नव्हतात, तर मग काजळी काढली कुणी?"

कास्त्रोचा मिस्त्री एलादियो, चाळिशीचा, तगडा, बडबड्या. त्यानं वरून जुनी नळी तुकड्या-तुकड्यानं ओढून काढली. मधला एक तुकडा हातात घेऊन तो बराच वेळ बघत बसला. मग खाली आला.

"हे कुणी केलंय हो?"

नळी आतून स्वच्छ होती. लख्ख. आणि गंजाची भोकं बुजवलेली होती. राख, माती आणि मिठाचा लेप. आमच्या आज्या चुलीच्या फटी बुजवायच्या तसा. वर बोटांचे ठसे. लहान, बारीक बोटं. लेप भाजून दगडासारखा कडक झाला होता.

"वरून तीन हात खाली, आणि खालून पंधरा हात वर," एलादियो म्हणाला. "ही नळी वीतभर रुंद. इथे हात पोचत नाही माणसाचा. आणि आतून लावलाय लेप... आतून!"

त्यानं तुकडा उलटासुलटा करून पाहिला.

"शिवाय हा भाजला कधी?" तो पुन्हा म्हणाला. "मे महिन्यापासून चूल बंद आहे म्हणता ना?"

नोल्फानं तो तुकडा त्याच्या हातातून घेतला, शालीत गुंडाळला आणि आत निघून गेली. होविनो शिडी धरूनच उभा होता. एलादियो उतरून कधीच लांब गेला होता, तरीही.

त्यानंतर होविनोनं धंदा सोडला. आता सगळ्या गावाचं काम एलादियो बघतो. छपरांवरचे आवाज थांबले. माझ्या घरी तर पुन्हा काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, सुटला बिचारा.

गेल्या मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी, मी त्याच्याकडे बसलो होतो. दारावर एक बाई आली. चाळीस-पंचेचाळीसची, पाठीवर बटाट्यांची टोपली. लेमुय बेटावरची. नाव रोसाल्बा. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. होविनोनेही नाही. लेमुयला त्यानं उभ्या आयुष्यात काम केलेलं नव्हतं.

"मिस्त्री, हे तुमच्यासाठी," टोपली उतरवत ती म्हणाली. "मंगळवारी पैसे घेतले नाहीत तुम्ही, म्हटलं निदान बटाटे तरी."

होविनो खुर्चीतून अर्धवट उठला होता. तसाच राहिला.

"मंगळवारी मी इथेच होतो," तो म्हणाला. "मी आता चढत नाही."

रोसाल्बा हसली. "थट्टा करता होय! आमच्या छपरावर तासभर होतात की. आणि त्या आजी खाली शिडी धरून. मी म्हटलं, आजी, मी धरते, तुम्ही बसा. तर ऐकेनात. पायात जोडेही नव्हते त्यांच्या. एवढ्या थंडीत!"

हिल्दाच्या हातातली किटली टेबलावर आदळली.

मी विचारलं, "हेच होते? नीट बघा."

"म्हणजे काय? हेच. तोंड काजळीनं माखलेलं, पण हेच." ती होविनोकडे वळली. "वरून ओरडून समुद्राचं सांगत होतात ना त्यांना, किती होड्या, कुठे ऊन... मला मजा वाटली."

होविनोनं टोपलीची कड धरली. मग त्यानं विचारलं, "तो... वरचा माणूस... भीत होता का?"

"कोण, तुम्ही?" तिला तो प्रश्न कळलाच नाही. "छे! चक्क उभे होतात धुराड्यावर. हात सोडून."

ती गेली. संध्याकाळची फेरीबोट तिला गाठायची होती.

होविनो टोपलीकडे बघत बसला. मी म्हटलं, काहीतरी घोटाळा असेल, दुसरा कुणीतरी मिस्त्री असेल. कान लाल झाले होते त्याचे, शाळेत चोरी पकडली गेल्यासारखे.

ते बटाटे त्यानं ओढ्यात टाकले नाहीत. खाल्लेही नाहीत. अजून दाराशीच आहेत, कोंब फुटलेत त्यांना.

आणि मी... मी लेमुयला जाऊन ते धुराडं बघायचं तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा धक्क्यावरून परत आलो.

होविनोनं मला शपथ घातलीय. तिकडे गेलास आणि छपरावर कुणी दिसलं, तर मला येऊन सांगू नकोस.

"तिथे मी उभा दिसलो तर," तो म्हणाला, "मग हा इथे खाली बसलाय तो कोण, हे मला तुझ्याकडून ऐकायचं नाहीये."